हुशारांची मेस आणि धनंजयराव गाडगीळ

मित्रांनो, हा लेख खरं तर एका बिलापासून सुरू होतो. मागच्या वर्षी आमच्या होस्टेलची मेस आम्ही पोरांनीच चालवायला घेतली. ठेकेदार नको, आपणच किराणा आणायचा, आपणच आचारी ठेवायचा आणि महिन्याच्या शेवटी येईल तो खर्च सगळ्यांत वाटून घ्यायचा. कमिटी निवडताना आम्ही एकच निकष लावला, तो म्हणजे पॉइंटर! आठ जणांची कमिटी, त्यातले सहा जण आपापल्या ब्रँचचे टॉपर. सेक्रेटरी अस्मादिक. मी कॉम्प्युटरवर अशी काही शीट बनवली होती, की कांद्याचा भाव टाकला की पोह्याच्या प्लेटची किंमत बाहेर पडायची. इतकी हुशार कमिटी होस्टेलच्या इतिहासात झाली नसेल, असं आम्हीच एकमेकांना सांगायचो.

तीन महिन्यांत मेस बुडाली.

ती कशी बुडाली, हे गणित फार सोपं आहे. मेसला मेंबर १२०. बाहेरचा पाहुणा जेवला तर त्याचं नाव रजिस्टरात लिहायचं आणि ६० रुपये भरायचे, असा नियम होता. पण नाव लिहिलंच नाही तर? ते ६० रुपये सगळ्यांच्या बिलात वाटले जाणार, म्हणजे माझ्या वाट्याला येणार फक्त ५० पैसे! लिहिलं तर ६० रुपये, नाही लिहिलं तर आठ आणे. असं गणित ज्याला पटकन सुटतं, तो काय करेल? आमच्या कमिटीला तर ते सगळ्यात आधी सुटलं. हळूहळू सगळ्यांनाच सुटलं. महिन्याला प्रत्येकी सरासरी सहा जेवणं लपली, तर प्रत्येकाच्या बिलात ३६० रुपये वाढतात. म्हणजे लपवणाऱ्याला शेवटी काहीच सुटत नाही, आणि ज्याने कधी पाहुणा आणलाच नाही त्याला मात्र ३६० रुपये भुर्दंड!

लोणार तालुक्यातला एक मित्र असाच होता. त्याचे दोन बॅक होते, त्यामुळे कमिटीत त्याला कोणी विचारलंही नव्हतं. त्याचे वडील दोनदा आले, दोन्ही वेळा त्याने स्वतः नाव लिहून पैसे भरले. तिसऱ्या महिन्याचं बिल पाहून तो काही बोलला नाही, फक्त मेस सोडली आणि खोलीवर खिचडी शिजवायला लागला. आणि आता खरं सांगायचं तर माझा मावसभाऊ परीक्षेसाठी येऊन अकरा दिवस राहिला होता. रजिस्टरात मी तीन दिवस लिहिले होते. शीट बनवणारा मीच!

रेक्टर सरांसमोर आमची पेशी झाली. वाटलं होतं, आता काही खरं नाही. पण सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की तुम्ही सगळे एवढे हुशार, मग तुम्हाला एकत्र जेवता का आलं नाही? आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा सरांनी एक नाव सांगितलं आणि लायब्ररीत जाऊन या माणसाविषयी वाचा म्हणाले. ते नाव होतं धनंजय रामचंद्र गाडगीळ. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी गाडगीळ सूत्र पाठ केलेलं असतं, मलाही तेवढंच माहीत होतं. पण त्या सूत्रामागचा माणूस वाचत गेलो आणि आमच्या मेसचं उत्तर मला तिथे सापडलं.

गाडगीळांचा जन्म १० एप्रिल १९०१ चा, नाशिकचा. पण लहानपण गेलं आपल्या विदर्भात, नागपुरात. १९१८ साली, म्हणजे सतराव्या वर्षी हा मुलगा बोटीत बसून केंब्रिजला शिकायला गेला. तिथे अर्थशास्त्र शिकला आणि हिंदुस्थानातल्या उद्योगधंद्यांची वाढ कशी झाली यावर त्याने प्रबंध लिहिला. १९२४ साली त्याचं पुस्तक झालं आणि पुढे कित्येक वर्षं देशभरच्या कॉलेजांमधून ते वाचलं गेलं. लेखकाचं वय तेव्हा २३! आपण त्या वयात सबमिशनच्या फाइली एकमेकांच्या पाहून उतरवत असतो, हे आपलं उगाच आठवलं.

परत आल्यावर १९२५ ते १९३० ते सुरतच्या एका कॉलेजचे प्राचार्य होते. १९३० साली त्यांचे सासरे रावबहादूर रा. रा. काळे यांनी दिलेल्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षं ते पद त्यांनी सांभाळलं. एवढा शिकलेला माणूस आता खुर्चीत बसून मोठमोठे सिद्धान्त मांडील, असं कोणालाही वाटेल. यांनी काय केलं? पुण्याच्या बाजारात फळं कशी विकली जातात, मधल्या मधे कोण किती घेतो, याची पाहणी केली. ती १९३३ साली छापून आली. मग वाई तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या शेतीचा जमाखर्च मांडला, मग पुणे शहराची घरोघर पाहणी केली. म्हणजे आधी माणूस काय करतो ते बघायचं आणि मग त्याने काय करावं ते बोलायचं. इथेच मला पहिली चपराक बसली. मी पोह्याच्या प्लेटची किंमत दोन दशांशापर्यंत काढली होती, पण रात्री साडेआठला मेसच्या दारात उभं राहून कोण कोणाला घेऊन येतं हे एकदाही पाहिलं नव्हतं.

याच पाहण्यांमध्ये एक पाहणी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांची होती. कालव्यामुळे शेतकऱ्याचं नेमकं किती भलं झालं, हे त्यात मोजलं होतं. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. हा भाग तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आत्ताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. कालव्याला पाणी आलं, ऊस उभा राहिला, पण शेतकरी काही वर आला नाही. ऊस विकला तर खासगी कारखानदार सांगेल तो भाव घ्यायचा, आणि गूळ केला तर अडत्या म्हणेल ते ऐकायचं. वर सावकाराचं कर्ज होतंच. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या, तो दख्खनचा उठाव आपण शाळेत शिकलोच आहोत. वह्या जळाल्या, पण सावकारी राहिली.

याच भागात लोणी नावाच्या गावात विठ्ठलराव विखे पाटील नावाचे शेतकरी होते. शाळा फारशी शिकलेली नव्हती, पण १९२३ सालीच त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढली होती. म्हणजे गाडगीळ केंब्रिजमध्ये प्रबंध लिहीत होते तेव्हा विखे पाटील लोणीत लोकांना एकत्र बसवून पैशाचा हिशोब ठेवायला शिकवत होते. १९४५ साली कालव्यावरच्या बागायतदारांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष होते गाडगीळ. शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना सहकारी पद्धतीने काढावा, हा विचार तिथे पुढे आला आणि विखे पाटलांनी तो उचलला. गावोगाव फिरून एकेका शेतकऱ्याकडून त्यांनी भांडवल गोळा केलं. मंत्रालयाची आणि बँकांची दारं उघडायची होती, तिथे गाडगीळांचा शब्द आणि आकडे उपयोगी पडले. मुंबई राज्यात तेव्हा वैकुंठभाई मेहता मंत्री होते, तेही सहकारातले जुने जाणते. १९४८ च्या अखेरीला कारखान्याची नोंदणी झाली आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांच्या मालकीच्या कारखान्यात ऊस गाळला गेला. गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले, विखे पाटील उपाध्यक्ष.

मित्रांनो, अध्यक्ष म्हणजे फलकावर नाव आणि वर्षातून एक सत्कार असा आपला समज असतो. गाडगीळ सुमारे दहा वर्षं या कारखान्याचे अध्यक्ष होते. पुण्यातली संस्था सांभाळून लोणीला जायचं, शेतकरी संचालकांबरोबर बसायचं आणि निर्णय सगळ्यांनी मिळून घ्यायचे. त्यांचं मत केंब्रिजचं म्हणून जास्त मोजलं जात नव्हतं. सहकारी संस्थेत ज्याचे शेअर शंभर त्यालाही एक मत आणि ज्याचा एक त्यालाही एकच.

आता उसाचं गणित बघा, कारण ते आमच्या मेससारखंच आहे. ऊस तोडला की त्यातली साखर कमी व्हायला लागते, म्हणून तो लवकरात लवकर, शक्यतो एका दिवसाच्या आत गाळायला हवा. प्रत्येकाला वाटतं, माझा ऊस आधी तोडावा, उशिरा तोडला तर वजन घटेल. पण सगळ्यांचा एकाच दिवशी गाळता येत नाही, कारखान्याची ताकद ठरलेली असते. बरं, गुळाला भाव चढला की आणखी एक मोह होतो. कारखान्याला शब्द दिलेला ऊस रातोरात गुऱ्हाळावर न्यावा! एकट्याने नेला तर त्याचा फायदा होतो आणि कारखान्याला कळतही नाही. सगळ्यांनी नेला तर मात्र कारखाना बंद पडतो आणि पुढच्या वर्षी गुळाचे भाव कोसळले की सगळेच मरतात. लपवलेलं जेवण ५० पैशांत पडतं, तसाच हा प्रकार.

यावर उपाय उपदेशाचा नव्हता. लागवडीच्या तारखा वहीत लिहायच्या आणि ज्याची लागण आधी त्याची तोड आधी. तोडणी आणि वाहतूक कारखान्यानेच करायची, म्हणजे कोणी मधे घुसणार नाही. सभासदाने ऊस द्यायचा करार करायचा आणि हिशोब सर्वसाधारण सभेत सगळ्यांसमोर मांडायचा. महाराष्ट्रातल्या सहकारी कारखान्यांत पुढे हीच पद्धत रुळली. यातला एकही नियम समजायला डिग्री लागत नाही. मला वाटतं, हुशार माणसाची परीक्षा इथेच आहे. स्वतःला समजेल असा नियम कोणीही करील, पण शेवटच्या सभासदाला तपासून बघता येईल असा नियम करायला जास्त डोकं लागतं.

आता थोडं विज्ञान, नाहीतर इंजिनीअरिंगच्या मासिकात हा लेख छापणार कसा! हुशार माणसं जास्त सहकार्य करतात का, यावर अर्थशास्त्रज्ञांनी बरेच प्रयोग केले आहेत. २०१९ साली प्रोटो, रुस्तिकिनी आणि सोफियानोस यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांची बुद्धिमापन चाचणी घेऊन त्यांचे दोन गट केले आणि एक खेळ दिला. त्यात समोरच्याला फसवलं तर आत्ता फायदा, पण दोघांनी फसवलं तर दोघांचा तोटा. तोच खेळ त्याच जोडीदाराबरोबर पुन्हा पुन्हा खेळायचा होता. सुरुवातीला दोन्ही गट सारखेच वागले. पण जसजसे डाव वाढले, तसतसं जास्त गुण मिळवलेल्या गटात सहकार्य वाढत गेलं आणि दुसऱ्या गटात कमी झालं. मग हुशार लोक मनाने चांगले असतात का? तसं नाही. पुढचा डाव होण्याची शक्यताच कमी केली, तेव्हा हुशारांचं सहकार्यही घसरलं. म्हणजे बुद्धी चांगुलपणा आणत नाही, ती फक्त उद्याचा हिशोब करते. उद्या हाच माणूस पुन्हा भेटणार आहे आणि आज मी काय केलं ते त्याला कळणार आहे, असं दिसलं तर बुद्धी सहकार्याकडे नेते. तसं दिसलं नाही तर तीच बुद्धी ५० पैशांचं गणित सोडवते. आमच्या मेसमध्ये नेमकं हेच झालं, कारण रजिस्टर कोणी बघतच नव्हतं.

दुसरा अभ्यास २०१० चा, अनिता वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी ६९९ जणांचे छोटे छोटे गट करून कामं दिली. गटातला सगळ्यात हुशार माणूस किती हुशार आहे किंवा सगळ्यांची सरासरी किती आहे, यावरून गट किती चांगलं काम करील याचा अंदाज फारसा लागला नाही. ज्या गटात सगळ्यांना बोलायला साधारण सारखी संधी मिळाली आणि ज्यांना समोरच्याच्या चेहऱ्यावरचं वाचता येत होतं, ते गट पुढे गेले. आमच्या कमिटीत आठ जण होते आणि बोलणारा एकच. कोण ते तुम्ही ओळखलं असेलच.

सगळ्यांना बोलू देणं किती महत्त्वाचं, हे गाडगीळांच्या आयुष्यात आणखी एका ठिकाणी दिसतं आणि ते आपल्या अगदी शेजारी घडलं आहे. स्वातंत्र्याच्या एक आठवडा आधी, ८ ऑगस्ट १९४७ ला अकोल्यात एक करार झाला. मराठी माणसांचा एक प्रांत व्हावा, असं पश्चिम महाराष्ट्रातल्या नेत्यांना वाटत होतं. वऱ्हाड-नागपूरकडच्या नेत्यांना भीती होती, की आपण संख्येने कमी, मोठ्या भावाच्या घरात आपलं कोण ऐकणार? शंकरराव देव, ब्रिजलाल बियाणी, रामराव देशमुख अशी दोन्हीकडची मंडळी एकत्र बसली. त्यात गाडगीळ होते आणि आपल्या जिल्ह्यातले, चिखलीचे पंढरीनाथ पाटीलही होते. हे तेच पंढरीनाथ पाटील, ज्यांनी १९२७ साली महात्मा फुल्यांचं चरित्र लिहिलं. एकाच प्रांतात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत आणि दोघांची कायदेमंडळं वेगळी असावीत, असं त्यांनी ठरवलं. तो करार तसाच्या तसा प्रत्यक्षात आला नाही. महाराष्ट्र राज्य झालं ते १ मे १९६० ला, वेगळ्या वाटेने. विदर्भाच्या वाट्याला काय आलं यावर आजही आपल्याकडे चहाच्या टपरीवर भांडणं होतात. पण त्या करारात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. जो संख्येने कमी आहे त्याला विश्वास ठेव म्हणून सांगण्याआधी, विश्वास ठेवता येईल अशी हमी लिहून द्यावी लागते. आमच्या लोणारच्या मित्राला अशी हमी कोणी दिली होती?

१९५१ साली रिझर्व्ह बँकेने देशभरातल्या खेड्यांच्या कर्जाची पाहणी सुरू केली. तिच्या चार जणांच्या मार्गदर्शक समितीत गाडगीळ होते. १९५४ साली अहवाल आला तेव्हा आकडे धक्कादायक निघाले. शेतकऱ्याच्या कर्जातला सुमारे ३ टक्केच भाग सहकारी संस्थांकडून येत होता आणि सावकारांकडून जवळजवळ ७० टक्के. सहकाराचा कायदा होऊन तोवर पन्नास वर्षं झाली होती! आयुष्यभर सहकार सांगणाऱ्या माणसाला हे आकडे छापायचे होते. त्यांनी ते छापले. आणि मग सहकार सोडून द्या असं न म्हणता, तो का चालला नाही हे शोधलं. एकटा गरीब शेतकरी आणि त्याच्यासारखेच चार गरीब एकत्र आले, तर सावकारापुढे ते कमजोरच राहणार. म्हणून सरकारने भांडवलात भागीदार व्हावं, कर्ज आणि मालविक्री यांची सांगड घालावी, अशा शिफारशी त्या समितीने केल्या. आपलं शीट चुकलं हे मान्य करायला मला तीन महिने आणि रेक्टर सर लागले होते!

१९६६-६७ मध्ये गाडगीळ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. सप्टेंबर १९६७ मध्ये ते दिल्लीला नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तिथे त्यांच्यापुढे जो प्रश्न आला, तो म्हणजे देशाची मेसच! केंद्राकडून राज्यांना योजनांसाठी पैसा द्यायचा, पण कोणाला किती? तोवर ते योजनेगणिक ठरायचं. ज्याचं वजन जास्त, ज्याचा दिल्लीत वट जास्त, त्याला झुकतं माप मिळाल्याची तक्रार व्हायची. गाडगीळांनी सगळी राज्यं एकत्र बसवून एक सूत्र मान्य करून घेतलं. १९६९ पासूनच्या चौथ्या योजनेला ते लागू झालं. आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांची गरज आधी बाजूला काढायची. उरलेल्यातले ६० टक्के लोकसंख्येवर वाटायचे, १० टक्के दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी असलेल्या राज्यांना, १० टक्के कर गोळा करण्याच्या प्रयत्नावर, १० टक्के चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे आणि वीज प्रकल्पांसाठी आणि १० टक्के खास अडचणींसाठी.

हे सूत्र परिपूर्ण होतं का? नाही. गरीब राज्यांचं म्हणणं होतं, की गरिबीला फक्त १० टक्के वजन कमी आहे. म्हणून १९८० मध्ये आणि पुन्हा १९९१ मध्ये त्यात बदल झाले. पण बदल करता आले, कारण सूत्र सगळ्यांसमोर होतं. गुपचूप वाटणीत दुरुस्ती कशाची करणार? नियोजन आयोग गेला आणि २०१५ मध्ये नीती आयोग आला. पण तोवर चार दशकांहून जास्त काळ भांडखोर राज्यं याच चौकटीत राहून भांडली, हे काय थोडं आहे?

१९६९ सालीच गाडगीळांच्या अध्यक्षतेखालच्या एका अभ्यासगटाने सुचवलं, की बँकांनी जिल्हा हा घटक धरून काम करावं. त्यातून त्याच वर्षी अग्रणी बँक योजना आली. आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या कर्जवाटपाचा वार्षिक आराखडा पेपरात वाचाल तेव्हा त्याचं मूळ इथे आहे हे लक्षात ठेवा.

१९७१ साली गाडगीळ दिल्लीतलं पद सोडून निघाले आणि पुण्याला परतत असताना प्रवासातच, ३ मे १९७१ ला त्यांचं निधन झालं. सत्तरी नुकतीच पूर्ण झाली होती. पश्चिम घाटाचा अहवाल देणारे पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचेच पुत्र. डोंगर कसा वापरायचा हे ग्रामसभांना विचारून ठरवा, असं त्या अहवालाचं सांगणं होतं. वडिलांचाच धडा मुलाने जंगलाला लावला, असं मला वाटतं.

इथे लेख संपवला असता तर बरं दिसलं असतं. पण आपण बुलढाणा जिल्ह्यात राहतो, डोळे झाकून कसं चालेल? प्रवरेनंतर महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची रांग लागली, पण सगळे टिकले नाहीत. आपल्याच जिल्ह्यातला दुसरबीडचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडला. पाणी, ऊस, कर्ज, राजकारण अशी कारणं कारखान्यागणिक वेगळी असतील. पण यातून मला एवढं कळलं, की सहकार एकदा उभा केला की आपोआप चालत नाही. हिशोब रोज उघडा ठेवावा लागतो आणि तो बघायला सभासदांनी रोज यावं लागतं. सर्वसाधारण सभेला कोणी आलंच नाही, तर वही उघडी असून काय उपयोग?

आता मेसचं पुढे काय झालं ते सांगतो. सगळ्यांची मीटिंग घेतली. मी मावसभावाचे आठ दिवस सगळ्यांसमोर कबूल केले आणि सोळा जेवणांचे ९६० रुपये भरले. तोंड कुठे लपवू असं झालं होतं. पण झालं असं, की माझ्यामागून बाकीचेही एकेक करून उठायला लागले. नवी कमिटी चिठ्ठ्या टाकून निवडली. शीट बंद केली. रोजचा खर्च आणि पाहुण्यांची नावं मेसच्या दाराशी फळ्यावर खडूने लिहायची, एवढाच नियम ठेवला. फळा वाचता येतो, शीट उघडायला पासवर्ड लागायचा. महिन्यातून एकदा बैठक, आणि त्यात आधी ज्युनिअर बोलणार, सेक्रेटरी सगळ्यात शेवटी. बिल लगेच कमी झालं नाही, दुसऱ्या महिन्यात झालं.

लोणारचा मित्र मात्र यायला तयार नव्हता. आम्ही दोघं-तिघं त्याच्या खोलीवर गेलो. वाढीव बिलाचे त्याचे पैसे परत द्यायचे मीटिंगमध्ये ठरलं होतं, ते नेले होते. त्याने ते मोजून घेतले आणि मग विचारलं, की किराणा कोण आणतं? मी म्हणालो, फोनवर ऑर्डर देतो. तो हसला. पुढच्या बाजाराच्या दिवशी तो आम्हाला बरोबर घेऊन गेला, आणि तूरडाळ कुठे स्वस्त मिळते यापेक्षा कुठे ती भिजल्यावर फुगते, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आज आमच्या मेसची खरेदी तोच बघतो. त्याचे बॅक निघाले का, असं विचाराल, तर एक निघाला. दुसऱ्यासाठी मी रोज रात्री त्याला मॅथ्स शिकवतो, तोही चहाच्या बदल्यात!

तर मित्रांनो, आपण सगळेच इथे डोक्याच्या जोरावर आलोत. उद्या कंपनीत, ग्रामपंचायतीत, सोसायटीत आपल्याला चार माणसांत बसून निर्णय घ्यायचे आहेत. तेव्हा आपलं गणित आपल्या ६० रुपयांसाठी सोडवायचं की सगळ्यांच्या फळ्यासाठी, हे ज्याचं त्याने ठरवावं. एक केंब्रिजचा माणूस लोणीच्या शेतकऱ्यांबरोबर दहा वर्षं बसला आणि त्याने स्वतःला एकच मत ठेवलं. आपल्याला तर फक्त रात्रीच्या जेवणाला एकत्र बसायचं आहे. आणि हो, पाहुणा आणलात तर फळ्यावर नाव लिहायला विसरू नका. खडू दाराच्या उजव्या बाजूला ठेवलेला आहे!